ताईच्या कॅसेटवरचा आवाज

आईला आता दिसत नाही, पण हुकूम सोडायची तिची सवय काही गेलेली नाही. काचबिंदूनं आधी डावा डोळा नेला, मग दोन वर्षांत उजवाही. मी शाळेतून येऊन चप्पल काढते न काढते तोच पलंगावरून सुरू, "आलीस? गॅस बंद आहे का बघ. आणि त्या सब्जीवाल्यानं मेथी काय दिलीय गं, नुसत्या काड्या!" आता हिला काड्या कुठून दिसल्या? हाताला लागल्या म्हणे. माझं डोकं सटकतं. तसं ते लवकरच सटकतं, तीस वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवल्यावर कुणाचंही सटकेल. पण आईला उलटून बोलायचं धाडस मला पन्नाशी उलटल्यावरही होत नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. कडाक्याची थंडी होती, लखनौमध्ये सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही तशी. आई रजईत गुरफटून बसली होती. मी तिला चहा दिला, तर कप हातात धरून म्हणाली, "ताईची कॅसेट काढ."

"कुठली कॅसेट?"

"अमेरिकेहून पाठवलेली. ती गाणं टाकलेली नको. मूळची. माझ्या कपाटात खालच्या खणात आहे, निळ्या शालीत गुंडाळून ठेवलीय."

मला धक्काच बसला. मला वाटत होतं, ती मूळची कॅसेट कधीच रद्दीत गेली. आई पुढं म्हणाली, "मला आता चित्राचं काय करायचंय? आवाज निघतो का बघ. मरायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकू दे."

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बाबा रेल्वेत इंजिनिअर होते, साताऱ्याकडून बदली होऊन लखनौला आले ते इथलेच झाले. चारबागजवळच्या रेल्वे कॉलनीत आम्ही दोघी वाढलो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. ताई शांत होती, मी तिखट. तिचं लग्न अमेरिकेतल्या मुलाशी झालं तेव्हा कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांतून आईचं कौतुक झालं. तीन वर्षांनी ताई तिथंच वारली. न्यूमोनिया झाला होता, अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, एवढंच आम्हाला फोनवर कळलं. आम्ही कुणी जाऊ शकलो नाही.

आणि तिचा आवाज आमच्याकडे नव्हता, त्याला कारण मी. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

वारण्याच्या साधारण दीड वर्ष आधी ताईनं ती कॅसेट पाठवली होती. तिकडची एक मराठी बाई सुट्टीला भारतात आली होती, तिनं दिल्लीहून पार्सल टाकलं. वर ताईच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'सगळ्यांनी मिळून बघा.' आमच्याकडे व्हीसीआर नवाच आला होता. बाबा टूरवरून यायची वाट बघून, आंघोळ करून, खुर्च्या मांडून आम्ही तिघं बसलो. आईनं टीव्हीला उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली होती. कॅसेट लावली आणि पडद्यावर नुसते पट्टे. काळे-पांढरे, वर सरकणारे. मधूनच एखादा चेहरा दिसल्यासारखा व्हायचा आणि वाकडा होऊन निघून जायचा. आवाज तर विचारू नका. जाडाभरडा, संथ, खोल विहिरीतून एखादा पुरुष कण्हत बोलावा तसा. मला हसू फुटलं. बाबाही हसले. म्हणाले, "अरे, आमची पोरगी आहे का तिकडचा कुणी पहिलवान?" आई मात्र हसली नाही. "बंद कर ते," म्हणाली. मी बंद केलं.

बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की अमेरिकेतला व्हिडिओ वेगळ्या पद्धतीचा असतो, आपल्या मशीनवर चालत नाही, बदलून घ्यावा लागतो. निशातगंजला एक लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे गृहस्थ होते. त्यांच्या भावानं दुबईहून एक मशीन आणलं होतं, ज्यात बाहेरची कॅसेट घातली की आपल्या पद्धतीची दुसरी कॅसेट तयार व्हायची. सबंध लखनौमध्ये असं मशीन दोघा-तिघांकडेच असेल. मी कॅसेट घेऊन गेले, सायकल रिक्षानं.

त्या काळच्या लग्नाच्या कॅसेट ज्यांनी बघितल्यात त्यांना आठवेल, त्यात कुणाचा आवाज म्हणून नसायचा. भटजी मंत्र म्हणताहेत, नवरीची आई रडतेय, आत्या भांडतेय, आणि वर अखंड सिनेमाची गाणी. मिक्सिंग म्हणजे तेच. खालचा आवाज पुसायचा आणि वर गाणं टाकायचं. कच्चा आवाज ठेवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं, असं ते लोक समजायचे, आणि गिऱ्हाईकही तसंच समजायचं.

दोन दिवसांनी मी कॅसेट आणायला गेले तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "दीदी, तस्वीर तो अच्छी आ गई. लेकिन आवाज़ में घरघर बहुत है, कोई मशीन चल रही है पीछे. और बस बातें ही बातें हैं. गाना डाल दें? खाली-खाली लग रहा है."

मला घाई होती. त्याच दिवसांत माझं लग्न ठरत होतं, मुलाकडची माणसं येणार होती आणि शिंपीणबाईकडून ब्लाउज आणायचा होता. मी म्हटलं, "हाँ भैया, डाल दीजिए. कोई अच्छा-सा."

बस्स. एवढंच बोलले मी.

कॅसेट घरी आली. ह्या वेळी चित्र सुंदर होतं, रंगीत. आधी मेहुण्यांनी घेतलेलं चित्रण, मोठा फ्रिज, गालिचा, दारातली गाडी, खिडकीबाहेरचं बर्फ. मग कॅमेरा कुठंतरी टेबलावर ठेवलेला, आणि समोर खुर्चीत ताई. ती बोलत होती. बराच वेळ बोलत होती. हात हलवले की ते जरा झटके खात हलायचे. मधे तिनं नाक पुसलं, मधे हसली, मधे खाली बघत राहिली. आणि वर कसलं तरी 'चांगलंसं' गाणं, ते संपलं की दुसरं. बाबा म्हणाले, "आवाज कुठंय हिचा?" मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, "बदलताना जातो म्हणे." आई म्हणाली, "सर्दी झालेली दिसतेय तिला." बाबा म्हणाले, "किती छान समजावून सांगतेय बघ सगळं घराबद्दल."

दुसऱ्या रविवारी तिचा फोन आला. बाबा मोठ्यानं बोलायचे, अमेरिका लांब म्हणून. आवाज आला नाही हे त्यांनी तिला सांगितलं नाही. पोरीनं एवढ्या हौसेनं पाठवलंय, तिचा कशाला विरस करायचा? ते म्हणाले, "हो, हो, बघितली! सगळ्यांनी मिळून बघितली! छान आहे गं सगळं. घर छान आहे." मी शेजारीच उभी होते. पलीकडून काही क्षण काहीच आलं नाही. मग बाबा म्हणाले, "बरं, बरं," आणि फोन आईकडे दिला.

माझं लग्न थाटात झालं. ताई आली नाही, तिकीट परवडत नाही म्हणाली. लग्नाची कॅसेट त्याच गृहस्थांनी मिक्स केली.

तर जानेवारीत आईनं ती मूळची कॅसेट मागितली. आवाज निघाला तर आईला विचारावंसं वाटेल, मग तेव्हा का नव्हता? मी कपाट उघडलं. खालच्या खणात निळी शाल, शालीत जुनी उशीची खोळ, खोळीत कॅसेट. ताईचं अक्षर अजून तसंच होतं. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते.

आता ही बदलून कोण देणार? निशातगंजच्या त्या दुकानाच्या जागी मोबाइलच्या कव्हरचं दुकान आलंय. माझी मुलगी चोवीस वर्षांची, मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच. "मम्मी, एक अंकल हैं चिनहट में, पुरानी कैसेट करते हैं. मैं ढूँढ देती हूँ ना, आप टेंशन मत लो यार." आईला 'यार' म्हणणारी ही पिढी. पण शोधून दिलं तिनंच.

ते चिनहटचे गृहस्थ सरकारी टीव्ही केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर निघाले. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत दुमजली घर, वरच्या खोलीत सहा-सात जुनी मशीनं, सगळ्यांवर बायकोनं शिवलेली कापडी झाकणं. माणूस इतका अदबशीर की मला माझा आवाज उगीचच चढा वाटायला लागला. त्यांनी कॅसेट हातात घेतली, खिडकीशी नेऊन बघितली आणि म्हणाले, "फफूँद लगी है. दो दिन दीजिए, हाथ से साफ़ करेंगे."

दोन दिवसांनी गेले तेव्हा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. नोकरीभर त्यांनी हेच केलं होतं. परदेशातून चित्र यायचं, ते आपल्या टीव्हीवर दिसेल असं करून द्यायचं. अमेरिकेचं मशीन सेकंदाला तीस चित्रं दाखवतं, आपलं पंचवीस. तिकडच्या चित्रात रेघा कमी, आपल्याकडे जास्त. फीतही तिकडे जोरात पळते, आपल्याकडे सावकाश. "इसीलिए आपके घर वाली मशीन पर आवाज़ मोटी हो गई होगी, बहन जी. आवाज़ वही थी, बस धीमी चल रही थी."

"म्हणजे... मतलब, ठीक से सुनते तो समझ आ जाती?"

"ध्यान से सुनतीं तो समझ आ जाती. बात पूरी थी उसमें."

ते आपल्या नादात होते. तेव्हाच्या बदलात दर सहावं चित्र टाकून द्यावं लागायचं, म्हणून हात झटके खात हलायचे, हे त्यांनी सांगितलं. आता कॉम्प्युटरवर तीसच्या तीस ठेवता येतात, काही टाकावं लागत नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. मग म्हणाले, जेवढ्या वेळाची कॅसेट तेवढाच वेळ लागणार, बसावं लागेल. आणि त्यांनी माझ्या हातात हेडफोन दिला.

"आप सुनिए. हम नहीं सुनते."

"क्यों?"

"लोगों के घर की बातें होती हैं. हम सुई देखते हैं. सुई हिल रही है तो आवाज़ आ रही है." त्यांनी मशीन सुरू केलं, काटा हलतोय एवढं बघितलं, आणि पडदा लोटून खाली निघून गेले.

आधी मेहुण्यांचा आवाज. "हा फ्रिज. हा बघा डिशवॉशर. भांडी आपोआप." मग बर्फ. मग खटपट, कॅमेरा कुठंतरी टेकवल्याची, आणि ताई समोर येऊन बसली. मागं खरंच कसलीशी घरघर चालू होती.

"बाबा, आता मी एकटी आहे. हे कामावर गेलेत."

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. माझी ताई. असा आवाज होता होय तिचा! मी विसरलेच होते. थोडा बसका, वाक्याच्या शेवटी उतरणारा. विसरले होते ह्याचीच मला इतकी लाज वाटली.

"बाबा, मला इथं नाही राहायचं. घाबरू नका, हे मारत वगैरे नाहीत. पण बोलत नाहीत. महिना महिना बोलत नाहीत. मी खोलीत बसलेली असते आणि दिवा बंद करून निघून जातात. मी तिथं आहे हे दिसतच नाही जणू. फ्रिजला आणि गाडीला जेवढा हात लावतात तेवढं तरी माझ्याशी... जाऊ दे." इथं तिनं नाक पुसलं. सर्दी नव्हतीच.

"हे घरी नसताना मी आईला फोनवर सांगितलं होतं, दोनदा. आई म्हणाली, छोटीचं जमतंय, मोठी परत आली म्हटल्यावर लोक काय म्हणतील, तेवढं लग्न होऊ दे, तोवर कळ काढ. तिचंही बरोबर आहे. पण बाबा, माझ्याच्यानं नाही हो होत. पत्र लिहिलं तर तुम्ही टूरवर असता आणि आईच उघडते. तुम्ही रविवारीच घरी सापडता, तेव्हा फोनवर हे शेजारी उभे असतात. म्हणून म्हटलं, सगळे मिळून बघाल तेव्हा तुमच्याही कानावर जाईल, आणि आईला असं नको वाटायला की मी तिच्या पाठीमागं काही करतेय."

मग ती हसली. ते हसू मी गाण्याखाली कितीदा बघितलं होतं!

"मी आले तर कुणाला त्रास नाही देणार. शाळेत नोकरी बघीन. छोटीच्या लग्नात पुढं पुढं नाही करणार, वाटलं तर मागच्या खोलीत बसेन. छोटे, रागावू नकोस हं, तुझ्या लग्नात विघ्न नाही आणायचं मला. बाबा, मी रविवारी फोन करीन. तुम्ही फक्त 'ये' म्हणा. बाकी काही नको, ह्यांना कळेल. नुसतं 'ये'. आणि नाही म्हणालात तरी मी समजेन. परत नाही विचारणार."

ती खाली बघत राहिली. मग उठून कॅमेऱ्याकडे आली, हात मोठा झाला, आणि संपलं. अकरा मिनिटं. गणिताची बाई ना मी, घड्याळ बघितलं.

मला मोठ्यानं ओरडायचं होतं आणि मी परक्याच्या घरी, परक्याच्या खुर्चीत बसले होते. बाबा 'ये' म्हणाले असते! पहिल्या झटक्यात म्हणाले असते, विमानतळावर आदल्या दिवशीच जाऊन बसले असते. त्याऐवजी ते 'छान आहे गं सगळं' असं ओरडले, अमेरिकेला ऐकू जावं म्हणून. आणि तिनं परत विचारलं नाही. बाबा जाऊनही आता बारा वर्षं झाली. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की पोरीनं त्यांच्याकडे काय मागितलं होतं.

चिनहटचे गृहस्थ वर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवला. पेन ड्राइव्ह पाकिटात घालताना म्हणाले, "आवाज़ बहुत साफ़ निकली है, बहन जी. सुई बराबर चल रही थी." मी त्यांना धन्यवाद दिले की नाही, आठवत नाही.

घरी आले तर आई दाराकडे तोंड करून बसलेली. "निघाला का आवाज?"

"नाही," मी म्हटलं. "बुरशी लागली होती. सगळं गेलं."

"अच्छा," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे मी कशी वागले ते सांगायला लाज वाटते. मी तिला औषध वेळेवर दिलं, जेवण दिलं, केस विंचरले, आणि हे सगळं करताना मनात धुमसत होते. लोक काय म्हणतील! कुठले लोक? रेल्वे कॉलनीतले ते लोक आज कुठं आहेत? कुणी पुण्याला गेलं, कुणी वर गेलं. त्यांच्यासाठी हिनं पोटच्या पोरीला कळ काढायला सांगितलं. मग वाटायचं, त्यांच्यासाठी कुठं, माझ्यासाठी. माझं लग्न नीट व्हावं म्हणून. आणि झालंही नीट. नवरा भला माणूस मिळाला, खाण्यापिण्याला काही कमी पडलं नाही. लग्न वाईट झालं असतं तर निदान म्हणता आलं असतं, काय मिळालं ह्यातून? तेही म्हणता येत नाही. आणि आईला सगळा दोष द्यावा तर ते गाणं मध्ये येतं. ब्लाउजच्या घाईत टाकलेलं. ते दुकानदार स्पष्ट म्हणाले होते, बातें ही बातें हैं. मला एकदाही वाटलं नाही, काय बातें आहेत ते विचारावं.

मुलीनं पेन ड्राइव्ह बघितला होता. "मम्मी, आवाज़ तो है इसमें. नानी को सुना दो ना, क्या प्रॉब्लम है?" मी तिच्यावर अशी खेकसले की पोर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एका रविवारी दुपारी मी ओटा आवरत होते. आई पलंगावरून म्हणाली, "इकडे ये. बस."

"काम आहे मला."

"तीन आठवडे भांडी आपटतेयस माझ्यावर. डोळे गेलेत माझे, कान नाही गेलेत. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. ऐकलंस ना तू ते?"

मी हात पुसत जाऊन तिच्या पायाशी बसले.

"माझं नाव घेतलंय तिनं?"

"हो."

"मग लाव. मी काय बोलले होते ते मला पाठ आहे. ती काय बोलली ते ऐकू दे."

मी लॅपटॉप आणून तिच्या मांडीजवळ ठेवला. मेहुण्यांचा भाग सोडून थेट तिथून लावलं. 'बाबा, आता मी एकटी आहे,' आलं आणि आईनं पुढं झुकून कान पडद्याला लावला. अकरा मिनिटं ती तशीच वाकून होती. पाठ दुखत असणार, पण हलली नाही. 'तिचंही बरोबर आहे' आलं तेव्हा तिनं मान हलवली, नाही म्हणून. 'नुसतं ये' आलं तेव्हा तिचे ओठ हलले. संपल्यावर मला वाटलं, पुन्हा लाव म्हणेल. म्हणाली नाही.

मला राहवेना. मी म्हटलं, "आई, ते गाणं मी टाकायला सांगितलं होतं. दुकानदारानं विचारलं होतं मला. बदलताना जात नाही आवाज. मी खोटं बोलले होते."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुला खोटं बोलता येत नाही म्हटलं ना. तेव्हाही येत नव्हतं." तिनं लॅपटॉप हातानं बाजूला सारला. "त्या दिवशी चित्र सुरू झालं आणि ती बोलायला बसली, तेव्हा माझ्या अंगातून जीव गेला होता. म्हटलं, आता ही ह्यांना सांगणार. आणि हे 'ये' म्हणणार. आणि तुझी सोयरीक मोडणार. मग गाणं सुरू झालं. तू ते टाकलंस, आणि मी देवाला हात जोडले गं. देवा, सुटले, म्हटलं. मग दुसऱ्याच दिवशी मूळची कॅसेट उचलून कपाटात ठेवली, तुझ्या बाबांना पुन्हा बदलून आणायची बुद्धी होऊ नये म्हणून."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आंधळी बाई, माझी आई, तिला.

"मग आता कशाला काढायला लावलीस?" माझा आवाज चिरकला. "राहू द्यायची होतीस कपाटात! मी जगत होते ना सुखानं!"

"मी मेल्यावर तुला सापडली असती," आई म्हणाली. "मग तू कुणाशी भांडली असतीस?"

बाहेर कुणीतरी रद्दीवाला ओरडत गेला. ती वाट बघत होती. मला आधी वाटलं, ती समजूत घालण्याची वाट बघतेय. जाऊ दे आई, तुझा तरी काय दोष, तो काळच तसा होता, असं लोक म्हणतात तसं काहीतरी. ती शब्दांची वाट बघतेय हे खरं, पण त्या शब्दांची नव्हे, हे मला उशिरा कळलं.

"तू चुकलीस, आई," मी म्हटलं. "फार चुकलीस. मीही चुकले, पण मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं."

"हो गं," आई म्हणाली. "हो." आणि चाचपडत माझा हात धरून ती रडायला लागली.